हरकती भरपूर, सूचना शून्य

गेल्या कोजागिरीला मसाला दुधाच्या पातेल्याभोवती उभे असताना कुणीतरी विचारलं, "मराठी शाळेत बालवर्ग घ्यायच्या त्या ताई हल्ली दिसत नाहीत?" दुसऱ्या कुणी सांगितलं, "त्या गेल्या ना पेनसिल्व्हेनियात. इथलं भाडं परवडेना." सगळे "अरेरे" म्हणाले, "फार छान शिकवायच्या हो" म्हणाले, आणि विषय बदामाच्या कापांवर गेला. मी गप्प होतो. ताईंना हे गाव सोडावं लागलं त्यात माझा तीन मिनिटांचा हात आहे. त्या तीन मिनिटांबद्दल लिहायचं म्हणून संपादकांकडून ही पानं मागून घेतली. स्मरणिकेत सहसा असलं काही लिहीत नाहीत. आजीच्या हातची पुरणपोळी, अलास्काची क्रूझ, मुलीचं अरंगेत्रम हे सगळं पुढच्या-मागच्या पानांवर आहेच, त्यामुळे एवढं एक चालवून घ्या.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या मध्य न्यू जर्सीतल्या गावात हायवेला लागून एक बंद पडलेली नर्सरी होती, म्हणजे झाडांची, मुलांची नव्हे. तिथे १२० अपार्टमेंट बांधण्याचा अर्ज आला. त्यांतली २४ 'अफोर्डेबल', म्हणजे ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांसाठी राखीव. झालं! लॉनवर पाट्या लागल्या, गाव वाचवा. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एरवी सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात, तिथे युद्धाची तयारी सुरू झाली. शाळांचं काय होणार, घरांच्या किमतींचं काय होणार, ट्रॅफिकचं काय होणार. आणि एका गृहस्थांनी लिहिलं, "तसले लोक येतील." तसले म्हणजे कसले, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांना कळलं होतं.

सुनावणीला आम्ही तीसएक मराठी माणसं गेलो. मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम भरायचा म्हणजे चहाच्या रांगेतून माणसं ओढून आणावी लागतात, पण त्या रात्री म्युनिसिपल बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जागा नव्हती. आमच्यापैकी सतरा जण बोलले. माझाही नंबर आला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतली आणि तीन मिनिटं जे बोललो त्यातलं एक वाक्यही मी तपासलेलं नव्हतं. शाळा ओसंडून वाहतील म्हणालो. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, "आपल्याकडे पटसंख्येचे आकडे आहेत का?" नव्हते. अर्जदाराच्या ट्रॅफिक इंजिनिअरचा अहवाल दहा दिवस आधीपासून क्लार्कच्या ऑफिसात वाचायला ठेवलेला होता. तो मी उघडलाही नव्हता. मंडळी, मी आयटी कन्सल्टंट आहे. क्लायंटच्या मीटिंगला रिक्वायरमेंट डॉक्युमेंट न वाचता गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी बेंचवर बसलो असतो. इथे मात्र टाळ्या मिळाल्या.

व्यापारी झोनमध्ये राहती घरं बांधायची म्हणून त्या अर्जाला 'यूज व्हेरिअन्स' हवा होता. न्यू जर्सीच्या कायद्यात त्याला झोनिंग बोर्डाची नुसती बहुमतं पुरत नाहीत, सातांतली पाच लागतात. चार बाजूनं पडली, तीन विरुद्ध. अर्ज पडला. रात्री साडेअकराला आम्ही डायनरमध्ये जाऊन पॅनकेक खाल्ले. लग्न ठरल्यासारखे सगळे खुशीत होते.

गेल्या उन्हाळ्यात ताईंच्या सामानाची खोकी भरायला गेलो होतो. शाळेत वर्गमदतनीस, संध्याकाळी फार्मसीत, रविवारी आपल्या मुलांना 'अ अननसाचा', आणि घरी एकटीच्या जिवावर वाढवलेला एक मुलगा, असं त्यांचं चाललं होतं. भाडं तीनदा वाढलं होतं. मी आपलं बोलायचं म्हणून म्हणालो, "इथे जवळपास काही मिळालं असतं तर बरं झालं असतं." ताई खोक्याला टेप लावत होत्या. म्हणाल्या, "नर्सरीच्या जागी घरं होणार होती ना, तिथे अर्ज करायचं ठरवलं होतं मी. त्या सुनावणीला आले होते, मागच्या रांगेत होते. तुम्ही शाळेत गर्दी होईल म्हणालात. दादा, माझा मुलगा तेव्हा त्याच शाळेत तिसरीत होता."

राग नव्हता हो आवाजात. तो असता तर बरं वाटलं असतं.

आता कुणी म्हणेल, ती घरं लॉटरीनं देतात, ताईंचा नंबर लागलाच असता कशावरून? खरं आहे, नसताही लागला. पण लॉटरीचं तिकीटच आम्ही फाडून टाकलं होतं. आणि 'तसले लोक' म्हणजे नेमके कोण, याचा हिशेब कायद्यात स्वच्छ मांडलेला आहे. त्या विभागातल्या मधल्या कुटुंब-उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतचे लोक 'मॉडरेट', ५० टक्क्यांपर्यंतचे 'लो'. आमच्या भागात चार माणसांच्या कुटुंबासाठी ती ८० टक्क्यांची मर्यादा लाख डॉलरच्या वर जाते. म्हणजे शिक्षक, नर्स, पटेलांच्या दुकानातला कॅशिअर, नुकतीच नोकरी लागलेला आपलाच भाचा. मी स्वतः २००३ साली मास्टर्स करायला आलो तेव्हा, आणि नंतर एच-वनवर असताना, चौघांत एक गार्डन अपार्टमेंट घेऊन राहिलो. ते अपार्टमेंट बांधायच्या वेळी माझ्यासारखे तीस जण सुनावणीला गेले असते तर मी कुठे राहिलो असतो?

हा प्रश्न न्यू जर्सीत पन्नास वर्षांहून जुना आहे. टर्नपाइकच्या चौथ्या एक्झिटवरून आपण फिलाडेल्फियाकडे जातो ते माउंट लॉरेल आठवा. तिथे एथेल लॉरेन्स नावाची कृष्णवर्णीय बाई होती. तिचं घराणं त्या मातीत पिढ्यानपिढ्या रुजलेलं. गावातल्या गरीब कुटुंबांसाठी ३६ छोटी अपार्टमेंट बांधावीत एवढीच त्या लोकांची मागणी. १९७० साली मेयर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि सांगून गेले की ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं. एथेलबाई कोर्टात गेल्या. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की प्रत्येक वाढत्या गावानं आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ द्यायलाच हवीत, झोनिंगचं कुंपण घालून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. गावं जुमानेनात म्हणून १९८३ साली त्याच न्यायालयानं आणखी कडक निकाल दिला. तरीही माउंट लॉरेलमध्ये ती घरं उभी राहायला नवं शतक उजाडावं लागलं. एथेलबाई १९९४ सालीच वारल्या होत्या. १९९७ साली प्लॅनिंग बोर्डापुढे सुनावण्या झाल्या तेव्हा लोक जे बोलले तेच आम्ही एकवीस वर्षांनी बोललो: गुन्हे वाढतील, किमती पडतील, कर वाढेल.

मग झालं काय? १४० घरं झाली, त्यांना एथेल लॉरेन्सचं नाव दिलं. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून २०१३ साली पुस्तक लिहिलं. गुन्हे वाढले नाहीत, शेजारच्या घरांच्या किमती पडल्या नाहीत, कर वाढला नाही. तिथे राहायला गेलेल्यांच्या मुलांना मात्र अभ्यासाला निवांत जागा आणि चांगली शाळा मिळाली. आपण मराठी माणसं घर घेताना शाळेचं रँकिंग बघतो, मॉर्गेजचा पाव टक्का वाचवायला चार बँका पालथ्या घालतो. पण शेजारी कोण नको हे ठरवताना आपल्याला आकडे लागत नाहीत.

यावर आपल्या लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: "आम्ही तर कधी जातच नाही अशा ठिकाणी, आम्हाला कशाला बोलता?" तेच तर दुखणं आहे. एरवी आपण जातच नाही. मग जेव्हा जातो तेव्हा फक्त 'नको' म्हणायला जातो. बॉस्टन विद्यापीठातल्या तीन अभ्यासकांनी पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ गावांच्या सुनावण्यांची इतिवृत्तं वाचून २०१९ साली पुस्तक काढलं. नव्या घरांच्या प्रस्तावांवर बोलणाऱ्यांत सुमारे ६३ टक्के विरोधात आणि १५ टक्क्यांहूनही कमी बाजूनं! बोलणारे कोण, तर गावाच्या मानानं जास्त वयाचे, जास्त गोरे, जुने रहिवासी, स्वतःचं घर असलेले. भाडेकरू जवळजवळ गायब. साहजिक आहे. ज्याला त्या नव्या इमारतीत राहायचं आहे तो अजून गावात आलेलाच नाही, किंवा संध्याकाळी साडेसातला दुसऱ्या शिफ्टवर असतो. ताईंसारखा एखादा आला तरी मागच्या रांगेत बसतो. बोर्डासमोर फक्त एक बाजू उभी राहते आणि तिलाच 'गावाचं मत' म्हणतात.

शिवाय व्यवस्था अशी की निरोप फक्त शेजाऱ्यालाच जातो. आपल्या राज्यात अर्जदारानं जागेच्या २०० फुटांतल्या घरमालकांना किमान दहा दिवस आधी नोटीस द्यायची आणि वर्तमानपत्रात जाहिरात करायची. भाडेकरूला पत्र नाही. २०० फुटांतल्या घरी सर्टिफाइड मेल येतो, त्याला सहीचं हिरवं कार्ड असतं. आपल्याला ग्रीन कार्ड म्हटलं की एकच आठवतं, त्यामुळे तेवढ्यापुरता आपला चेहरा खुलतो, आणि आत 'व्हेरिअन्स' वाचून पडतो! मग आपण एकदम नागरिक होतो.

"आपल्याला मतच नाही, आपण कोण बोलणार" ही सबब मी स्वतः अकरा वर्षं वापरली. ती खोटी आहे. आमच्या गावच्या बोर्डापुढे मी डझनभर लोकांना बोलताना पाहिलं आहे. पासपोर्ट कुणाचा कुणी बघत नाही. नाव-पत्ता आणि शपथ, बस. साक्षीदाराला प्रश्नही विचारता येतात, आणि ते उत्तर शपथेवर असतं. खरं सांगायचं तर या देशात आपल्यासारख्याला इतक्या सहज, इतक्या जवळून सत्तेला प्रश्न विचारता येईल अशी दुसरी जागा नाही. आणि ती जागा आपण घरांच्या किमतींसाठी राखून ठेवली आहे.

बरं, आपल्याला या खोलीतल्या दुसऱ्या बाजूचा अनुभव नाही असंही नाही. गरज पडली की आपणही अर्जदार होतो. आमच्या ओळखीच्या एका देवळाच्या सुनावण्या मला आठवतात. मुलांना झब्बे-परकर घालून पुढच्या रांगेत बसवलं होतं, वकील केला होता, प्लॅनर केला होता. समोरचे शेजारी काय म्हणत होते? ट्रॅफिक, पार्किंग, आवाज. आम्ही किती चिडलो होतो! याच्या मागे दुसरंच काहीतरी आहे, असं एकमेकांना सांगत होतो, आणि बहुधा होतंही. एडिसनच्या नवरात्रीच्या गरब्याचा वाद १९९६ साली फेडरल कोर्टापर्यंत गेला होता, तेव्हाही आवाज आणि ट्रॅफिकच होतं. म्हणजे ही भाषा आपल्याला दोन्ही बाजूंनी येते. फक्त गरज सरली की वैद्य मरतो.

बर्नार्ड्स टाउनशिपचं उदाहरण घ्या. बास्किंग रिजच्या इस्लामिक सोसायटीनं २०१२ साली छोट्या मशिदीसाठी अर्ज केला. ३९ सुनावण्या झाल्या, साडेतीन वर्षांहून जास्त. चर्चला दर तीन माणसांमागे एक गाडी असा नियम, त्या हिशेबानं १५० माणसांना ५० जागा पुरल्या असत्या. बोर्डानं मागितल्या १०७. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण कोर्टात गेलं, केंद्राच्या न्याय खात्यानंही गावावर वेगळा दावा लावला, आणि ३१ डिसेंबर २०१६ रोजी फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की एका धर्माला एक पार्किंग आणि दुसऱ्याला दुसरं, हे चालणार नाही. २०१७ साली ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली, मशिदीला परवानगी मिळाली. ज्या कायद्याच्या आधारावर हे झालं तो २००० सालचा कायदा देवळांनाही तसाच लागू आहे. बर्नार्ड्सपासून अर्ध्या-पाऊण तासावर शेकडो मराठी घरं आहेत, त्यातलं एक माझं. ३९ सुनावण्यांपैकी एकीलाही मी गेलो नाही. माझ्या ओळखीत जाऊन आलेला एकही भेटलेला नाही. 'आपला काय संबंध' असं म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले.

हे सगळं मी एका मित्राला ऐकवलं तेव्हा तो उसळून म्हणाला, "अरे, विरोध करणं हीच तर लोकशाही. आपण आंदोलनांच्या मुलखातले. सेझला विरोध करणारे चांगले आणि आम्ही वाईट?" मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून जरा थांबून बघू. रायगडमध्ये पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. लोकांनी 'नाही' सांगितलं. ते 'नाही' स्वतःच्या पायाखालच्या जमिनीबद्दल होतं, ती गेली तर भाताचं खाचर जाणार होतं. आमच्या हायवेवरची नर्सरी कुणाची होती? माझी नव्हती, मित्राचीही नव्हती. माझ्या घरापासून ती पावणेदोन मैल. त्यातून माझं काहीही जाणार नव्हतं, दुसऱ्याचं येणार होतं ते मी अडवलं. या दोन 'नाहीं'ना एका तराजूत घालणं म्हणजे त्या शेतकऱ्यांचा अपमान आहे.

आणि आपल्याकडच्या कायद्याचा शब्द तरी नीट वाचावा. महाराष्ट्राचा १९६६ चा नगररचना कायदा विकास आराखड्यावर 'हरकती आणि सूचना' मागवतो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली ८७ हजारांच्या आसपास आल्या. माझ्या काकांनी निवृत्तीनंतर त्यातल्या निदान चार तरी लिहिल्या असतील. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१५ साली आला तेव्हा त्यात इतक्या चुका होत्या आणि इतकं रान उठलं की सरकारनं तो मागे घेतला, आणि सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. तिथल्या लोकांनी नुसतं 'नको' म्हटलं नाही. नकाशावर बोट ठेवून सांगितलं, इथे अमुक आहे ते तुम्ही तमुक दाखवलंय, ते असं करा. आपण इथे येताना हरकती बॅगेत घालून आणल्या, सूचना बहुधा वजनात बसल्या नाहीत.

अलीकडे काही जाणती माणसं म्हणतात की सुनावण्याच बंद करा, नियमात बसणाऱ्या घरांना ऑफिसातूनच परवानगी द्या. कॅलिफोर्नियानं २०१७ पासून काही प्रकारच्या घरांपुरता तो रस्ता धरलाही आहे. मला त्यांचा वैताग कळतो. आमच्यासारख्यांनीच तो आणलाय. पण खोली बंद केली तर उद्या आपल्याच वस्तीशेजारी गोदाम आलं, रात्रभर ट्रक धडधडायला लागले, तर विचारायला जागा उरणार नाही. मला खोली हवी आहे. मागच्या रांगेतल्या बाईला तिथे पुढे येऊन बोलावंसं वाटेल अशी हवी आहे. आम्ही तीस जण त्या रात्री नुसते घरी बसलो असतो तरी तिला ते थोडं सोपं गेलं असतं.

न्यू जर्सीच्या २०२४ च्या कायद्यानुसार २०२५ ते २०३५ या दहा वर्षांत प्रत्येक गावाच्या वाट्याला किती परवडणारी घरं, याचे आकडे ठरवायची नवी पद्धत लागू झाली आहे. गावांनी आपापल्या योजना करायच्या, कुठल्या जागेवर किती घरं ते लिहायचं, झोनिंग बदलायचं. म्हणजे गावोगाव पुन्हा सुनावण्या, लॉनवर पुन्हा पाट्या. आमच्या गावच्या यादीत तीच बंद नर्सरी आहे. ग्रुपवर हालचाल सुरू झाली आहे, मागच्या वेळचेच मेसेज फिरताहेत. मी तिथे लिहिलं की यावेळी मी बाजूनं बोलणार आहे. दोन अंगठे वर आले, एकानं ग्रुप सोडला, आणि एका वहिनींनी खासगीत विचारलं, "घर विकायला काढताय का?"

मी काय बोलणार ते सांगून ठेवतो. २०१८ साली याच जागेबद्दल शपथेवर जे बोललो त्यातला शाळेचा मुद्दा मी न तपासता मांडला होता, तो मागे घेतो, हे पहिलं. यावेळी पटसंख्येचे आकडे बरोबर असतील. मग सूचना: हायवेवरून शाळेपर्यंत फुटपाथ नाही, तो करा. बसथांब्याला शेड घाला. दोन खोल्यांची घरं जास्त ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन राहणाऱ्यालाही जमेल. तीन मिनिटांत एवढंच बसतं.

ताईंना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "मुलगा आता इथल्या शाळेत रुळलाय, आम्ही काही परत येत नाही. पण तुम्ही जा."

सुनावणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी साडेसातला आहे. मी सातला घरून निघणार, गाडीत चार जागा आहेत.